कोंडाबाईचे लाडू लंडनला चालले नाहीत तेव्हा

पंधरा वर्षं मी कोंडाबाई मावशीसोबत काम केलं. त्यातली चौदा वर्षं तिच्या हातचं पाणीसुद्धा प्यायले नाही.

ती आज पहाटे गेली. म्हणून लिहून टाकते. नाहीतर मनात कुजत राहील.

मी अंगणवाडी सेविका, ती मदतनीस. गाव कुरुंद्याजवळचं. ती राहायची पलीकडच्या आळीत. जातीवरून लांब ठेवलेली आळी, सरळ सांगायचं तर.

अंगणवाडीची खिचडी तीच शिजवायची. वरच्या गल्लीतली पाच-सहा लेकरं मात्र घरून डबा आणायची.

आणि मी पण.

"पित्ताचा त्रास आहे गं मावशी," म्हणायचे. पित्त कसलं डोंबलाचं.

"बराबर हाय बाई, जपा तब्येतीला," ती म्हणायची. तिला सगळं कळत होतं.

दोन वर्षांखाली आमच्या गावची सारिका लंडनला एका ज्यू बालवाडीत कामाला लागली. दोन्हीकडच्या लेकरांची मैत्री लावून द्यायची, ही तिचीच आयडिया.

महिन्यातून एक व्हिडिओ कॉल. इथं दुपार, तिकडं सकाळ.

आमच्या लेकरांनी ओल्या हळदीत तळहात बुडवून कागदावर ठसे उठवले आणि पाठवले. तिकडून निळ्या रंगाचे आले. प्रत्येकाला एकेक दोस्त मिळाला.

आमच्या आरोहीला मिळाली नोआ. दोघी चार वर्षांच्या. एकीचं दुसरीला ओ की ठो कळत नाही, पण दोघी एकाच वेळी बोलणार. आरोही तिला शेळी दाखवायची, नोआ तिला बूट दाखवायची. झाल्या गप्पा.

मागच्या संक्रांतीच्या आधी सारिका गावी आली होती. परत जाताना मावशीनं तिच्याजवळ तिळाचे लाडू दिले. "लंडनच्या लेकरायला," म्हणाली. दोन दिवस तीळ निवडत बसली होती.

आठ दिवसांनी सारिकाचा मेसेज आला. आणि मी मूर्खासारखा तो मोठ्यानं वाचला.

'सॉरी बाई, लाडू लेकरांना देता आले नाहीत. इथं चालत नाहीत.'

मावशी पातेलं घासत होती. हात थांबला.

"तिकडंबी कळलं का वो बाई?"

"काय?"

"मी कोणाची हाय ते."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी पण नाही. नातवाबरोबर निरोप आला, 'दुसरी बाई बघा.'

मी सारिकाला फोन लावला आणि झाप झाप झापलं. तिनं तिथल्या मॅडमला फोनवर घेतलं. मॅडम बोलायच्या, सारिका मराठीत सांगायची.

ज्यू लोकांचे खाण्याचे नियम फार कडक. घरी शिजवलेलं काहीच त्या बालवाडीत आणायचं नाही. करणारं कोणी का असेना.

"माझ्या सख्ख्या आईनं घरी केलेला केक मला इथं आणता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण आमच्या किचनमध्ये, आमच्या सामानातून आम्ही लाडू करू शकतो. मावशी शिकवतील का?"

मी मावशीच्या घरी गेले. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिच्या आईचंबी न्हाई?"

"न्हाई."

"मग ते येगळं हाय," ती म्हणाली. "उद्या येते."

कॉलच्या दिवशी मावशीनं इथं पाक केला, मॅडमनी तिकडं. मॅडमचा पाक झाला दगड.

"काहून घाई करता वो," मावशी मोबाईलला रागावली. "पाणी शिंपडा जरासं, पुन्यांदा गरम करा. कोमट झाल्याबिगर लेकरायच्या हातात देऊ नका." लंडनच्या मॅडम 'येस, येस' करून राहिल्या होत्या.

तिकडच्या लेकरांनी कसेबसे लाडू वळले. नोआनं एक खाल्ला आणि उष्टा लाडू कॅमेऱ्यासमोर धरला. आरोहीला दाखवायला.

आरोही उठली. मावशीच्या ताटापाशी गेली. "मला बी दे."

आरोही वरच्या गल्लीतली. डबा आणणारी. आणि तिची आजी दारातच उभी होती.

मावशीनं लाडू उचलला, पण दिला नाही. आजीकडं बघत राहिली.

"बघून काय राहिली?" आजी म्हणाली. "दे की. लेकरू मागून राहिलं."

मावशीनं दिला.

मग मी पण हात पुढं केला.

"बाई, तुमचं पित्त?" मावशी म्हणाली. तेवढं बोलून घ्यायचा तिला हक्कच होता. मी हसले आणि रडले पण.

त्या दिवसापासून वरच्या गल्लीचे डबे एकेक करून बंद झाले. शेवटचा बंद व्हायला सहा महिने लागले. उगाच चमत्कार झाला असं सांगणार नाही.

आज दुपारी तिला पोचवून आलो. मयताच्या घरी चूल पेटत नाही. कडू घास सोयऱ्यांनी न्यायचा असतो, ही आमच्याकडची रीत. पलीकडच्या आळीत वरच्या गल्लीतून कोणी कधी नेला नव्हता.

आज आरोहीची आजी डोक्यावर टोपलं घेऊन निघाली. पिठलं-भाकरी. मागं आणखी तीन घरच्या बाया. मी पण होते.

आजीनं मावशीच्या सुनेला घास भरवला. मग सुनेनं पण भाकरी मोडली आणि आजीच्या हातावर ठेवली.

आजीनं खाल्ली. तिथंच, जमिनीवर बसून. आम्ही सगळ्यांनी खाल्ली.

मावशी, मला तुझी माफी मागायची होती. तू जिवंत असताना जमलं नाही.

निवांत जा. लंडनच्या लेकरांना उद्या मी सांगते.