रफीकच्या गाडीची बॅटरी

सैन्यातली माझी शेवटची पोस्टिंग सिक्कीमला होती. मी हवालदार, वाहनांचा मेकॅनिक. नाईक रफीक शेख आमचा ड्रायव्हर. तो कारंजा लाडचा, मी मेडशीचा. एका जिल्ह्याचे म्हणून जेवायला सोबत बसायचो. सकाळचा फॉलइन, म्हणजे रांगेतली हजेरी, झाला की सगळ्या गाड्या चालू करून बघायच्या, हा तिथला नियम. उभ्या गाडीची बॅटरी थंडीत लवकर बसते. एकदा वर्कशॉपमध्ये एका जवानाने बसलेल्या बॅटरीला घाईने केबल लावली. ठिणगी पडली, बॅटरी फुटली, ॲसिड त्याच्या तोंडावर उडालं. त्याचं ओरडणं मला अजून ऐकू येतं.

पुढल्या हिवाळ्यात दरड कोसळली आणि रफीक गेला. गाड्यांच्या त्या कॉन्व्हॉयमध्ये मीही होतो.

निवृत्तीनंतर मी एसटीने कारंज्याला गेलो. रफीकचं घर गावापासून दूर, शेतात. घरी त्याची बायको शबानाभाभी आणि वडील करीमचाचा. चाचांनी पाणी दिलं, तुरीबद्दल बोलले. मुलाबद्दल अवाक्षर काढलं नाही. अंगणात ताडपत्रीखाली रफीकची गाडी होती. तो गेल्यापासून ती कोणी चालवली नव्हती.

दुपारी जेवून उठता उठता चाचा खाली बसले. हात छातीवर, कपाळावर घाम, ओठ पांढरे.

भाभींनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. "दुसऱ्या पेशंटले घेऊन गेली म्हंतात. तासभर लागन."

शेजारच्या शेतातले गजाननभाऊ ट्रॅक्टर घेऊन आले. "ट्रॉली जोडतो. टाका त्याईले."

रस्ता सगळा खड्ड्यांचा. त्या हादऱ्यांत चाचा टिकतील असं मला वाटेना.

"पाच मिनिटं द्या मले. गाडी चालू करून पाह्यतो."

"अन् नाही लागली तं?"

"तं ट्रॉली."

बोलून गेलो. ती पाच मिनिटं माझी नव्हती, चाचांची होती.

चावी फिरवली. एकही दिवा लागला नाही. टायरमध्ये हवा कमी, पण चालण्यापुरती होती. बॉनेट उघडलं. बॅटरी फुगली असती किंवा तिला तडा असता तर मी हातच लावला नसता. तसं काही नव्हतं. टर्मिनलवर मात्र पांढरा थर चढला होता. भाभींनी गरम पाणी आणलं. थर धुतला, पुसला, घासला. एका बॅटरीवरून दुसरीला जोडायची जम्पर केबल गजाननभाऊंच्या टूलबॉक्समध्ये निघाली.

"ट्रॅक्टर जवळ घ्या. गाडीले टेकवू नका. बंद करा."

लाल केबल दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसला लावली. काळी ट्रॅक्टरच्या मायनसला. काळीचं दुसरं टोक बसलेल्या बॅटरीला लावायचं नसतं. तिच्यातून निघणारा वायू ठिणगीने पेटतो. ते बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावायचं. हे मी कित्येक जवानांना शिकवलं होतं. तरी तो भाजलेला चेहरा डोळ्यांसमोर आला. मी तोंड बाजूला वळवलं आणि चिमटा टेकवला. बारीक ठिणगी. बाकी काही नाही.

ट्रॅक्टर सुरू झाला. मी चावी फिरवली. टक्. टक्.

"म्या म्हनलं व्हतं तुमाले," गजाननभाऊ ओरडले. "टाइम कायले घालवून राह्यले?"

"थोडी चार्ज होऊ द्या. रेस वाढवा."

दारातून भाभींचा आवाज आला. "भाऊ, लवकर करा. बोलून नाही राह्यले ते."

दुसऱ्यांदा इंजिन कण्हलं आणि थांबलं. दरड कोसळली तेव्हाही मी इतका भ्यालो नव्हतो. तिसऱ्यांदा चावी धरून ठेवली. इंजिन खोकलं, थरथरलं आणि लागलं. केबल सोडवल्या, चाचांना मागच्या सीटवर निजवलं आणि निघालो.

दवाखान्याच्या दारातही मी इंजिन बंद केलं नाही. चौकीदार म्हणाला, "गाडी बंद करा." मी म्हणालो, "नाही." डॉक्टर अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले असते तर ती पुन्हा लागेल याची खात्री नव्हती.

डॉक्टर बाहेर आले. अटॅक होता. वेळेत आणलं, म्हणाले. तेव्हा कुठे मी चावी काढली.

दोन-तीन दिवसांनी चाचांनी मला खाटेजवळ बसवलं.

"तू होता ना तिथी?"

"होतो."

"मंग सांग."

मी सांगितलं. रफीकच्या गाडीत मागे चार जवान होते. पहिले दगड पडताच त्याने गाडी थांबवली आणि सगळ्यांना उतरायला लावलं. उतार होता, हँडब्रेक पुरला नसता. ब्रेकवरचा पाय काढला असता तर गाडी दरीकडे सरकली असती. चौघं उतरले. तो उतरायच्या आत वरचा कडा कोसळला. आम्ही हातांनी दगड काढले. सापडला तेव्हा तो गेला होता.

"भ्याला व्हता का?"

"समदेच भ्यालो होतो, चाचा. तोही. पण पाय काढला नाही त्यानं."

"घरात त्याचं नाव घ्यायले समदे भेतात. मले त्रास होईन म्हनून. तू घे."

मी उभा राहिलो आणि रँकसकट पूर्ण नाव घेतलं. नाईक रफीक करीम शेख.