कुपाटीपलीकडची मयत

उकंडराव मंगरूळचा माळी. वांगे-मेथी करून पोट भरे. त्याच्या मळ्याच्या काटेरी कुपाटीपलीकडं सैफुद्दीन पिंजाऱ्याचं घर. तीस वर्सं कुपाटीवरून इकडून वांगे गेले, तिकडून गाद्या पिंजून आल्या. पण सैफुद्दीनच्या उंबऱ्याले उकंडरावचा पाय कधी लागला नाही.

बत्तीस सालच्या उरुसात तंबूतला सिनेमा आला. विलायती, मुका. पडद्यापाशी उभा राहून एक जण गोष्ट सांगे. उकंडराव पाच डाव पाहून आला. त्यातली गोरी म्हातारी मरते, साहेब लोक टोप्या छातीशी धरून उभे राहतात, अन् ह्याच्या डोळ्याले धार लागे.

"आपल्यावानीच मानसं हायेत ते," पारावर सांगे. "घरचीच वाटतेत."

त्याची बायको हौसाबाई तोंडाची फटकळ. "गोरीसाठी रडून राह्यले. सैफुद्दीनची माय महिना झाला खाटेवर हाय. तिले पाह्यलं काय?"

"जाईन ना. वाफ्याले पानी सोडलं हाय."

गेला तो म्हातारी सरल्यावरच.

जनाजा उचलाच्या बेतात होता. आजवर आलो नाही, आता तरी शेजाऱ्याचा मान राखावा, असं उकंडरावच्या मनात. त्यानं फेटा काढला, छातीशी धरला अन् खाली मान घालून उभा राह्यला. हुबेहूब त्या साहेबावानी.

अंगणात एकाचंही डोकं उघडं नव्हतं. टोपी नव्हती त्यानं रुमाल बांधला होता. सारे ह्याच्याकडं पाहू लागले. बांगडीवाला जमशेद हळूच म्हणाला, "काहून उकंडराव, लय गरम होऊन राह्यलं का?"

सैफुद्दीन गर्दीतून पुढं आला. डोळे सुजलेले. त्यानं आपल्या खांद्यावरचा रुमाल उकंडरावच्या डोक्यावर टाकला.

"भाऊ, आमच्यात मयतीले डोकं झाकतेत." मग म्हणाला, "अम्मी रोज इचारे, वांगेवाला येऊन गेला का म्हून."

लोक खांदा द्याले पुढं सरकले. उकंडराव मागं मागं सरकत गेला, कब्रस्तानापर्यंत सगळ्यांच्या शेवटी चालला.

रुमाल हौसाबाईनं धुवून ठेवला. तो घेऊन उकंडराव आठ दिवस निघे अन् कुपाटीपासून माघारी फिरे. नवव्या दिवशी तीच चिडून निघाली, समोरच्या दारानं गेली अन् देऊन आली. उकंडराव तवा वांग्याच्या झाडाआड उकिडवा बसला होता, सैफुद्दीनच्या दारातून दिसू नये म्हणून.