घोळीच्या खवल्यांचं चिलखत

मंडळी, आज दुपारी चिंचणीला आईचा माळा आवरताना बिस्किटांच्या डब्यात माझी राणी सापडली. अजून माझा विश्वास बसत नाहीये.

नव्यांसाठी सांगते, मी बाजारातल्या बाहुल्यांचे केस कापून, रंगवून, चिलखत चढवून ड्रॅगनशी लढणाऱ्या राण्या बनवते. ही त्यातली पहिली. नव्वदच्या आसपास, शाळेत असताना केलेली.

तेव्हा चिलखताला पत्रा कुठून आणणार? बाबांच्या बोटीवर मोठी घोळ मासळी आली होती. तिचे रुपयाएवढाले खवले जाळ्याच्या दोऱ्यानं राणीच्या अंगावर बांधले आणि तिला ओट्यावर उभी केली. सकाळी बघते तर मांजरीनं चिलखत फस्त केलेलं. रडून रडून मी बाहुलीच टाकून दिली.

आज डब्यातल्या राणीच्या अंगावर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत खवले होते, चकचकीत. आणि प्रत्येक गाठ आई जाळं शिवताना मारते तशी.

"आई, हे तू केलंस?"

आई सुके बोंबील निवडत होती. "तू खवले धुतलेच नाय, मांजर येनारच. मी घोळीचे उरलेले खवले मिठाच्या पान्यात धुतले, उनात सुकवले नि परत बांदले."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तिचा घोडा व्हायचा बाकी होता ना. रानी काय पायी जाते लढाईला?"

तर तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर प्लास्टिकचा घोडा पडून आहे का? एखादा पाय मोडका असला तरी चालेल. आई बांधून देईल.