मोरगावचा नवस
खुडलेल्या दूर्वांचा ओला वास आला की मला मोरगावच्या देवळातली ती दुपार आठवते. नव्वदच्या दशकात बारामतीत आम्ही दोघं पुरुष एका खोलीत राहायचो, जगासाठी दोस्त आणि दार लावल्यावर एकमेकांचे. त्याला घशाचा कॅन्सर निघाला, तेव्हा निमगाव केतकीहून त्याची आई आली आणि आम्हाला एस्टीनं देवाला घेऊन गेली. तापलेल्या फरशीवर पाय भाजत होते. तिनं पदर पसरला, "देवा, माझं पोरगं वाचव. त्याला बायकोसंगं जोडीनं पाया पडायला आणीन." मग मला म्हणाली, "तू बी बोल. तुझा जिवाचा दोस्त हाय." अर्धा नवस देव ऐकत नाही, असं आम्ही मानायचो, म्हणून मी तिच्यामागोमाग शब्दन् शब्द बोललो. तो वाचला. दोन वर्षांनी त्याच फरशीवर तो नव्या नवरीशेजारी उभा होता आणि नारळ, दूर्वा माझ्या हातात होत्या. दूर्वा घेताना, ऑपरेशननंतर कायमच्या बसलेल्या आवाजात तो हळूच म्हणाला, "तू तरी कशाला बोललास?" आज तो नातवंडांत आहे. मी देवाकडं जे मागितलं, ते सगळं मिळालं.