भावानं ओवाळणीत दिलेली जीप

आज गंगाखेडला एका गॅरेजसमोर एसटीची वाट बघत उभी होते. ब्रेक ऑइलचा उग्र वास आला आणि पेडगावचं आमचं अंगण डोळ्यांपुढं आलं.

त्या भाऊबीजेला दादानं ओवाळणीच्या ताटात आपल्या जुन्या जीपची चावी ठेवली. ओवाळणी पारखून घ्यायची नसते, म्हणून मी ह्यांना ती तपासूही दिली नाही. दुसऱ्या दिवशी ब्रेक दाबला की जीप उजवीकडं ओढायला लागली.

"स्प्रिंगचा पाटा बसला असंल," हे म्हणाले. पण चारी पाटे ठीक निघाले. मग मला ब्रेकवर पाय ठेवून बसवलं आणि हे एकेका चाकापाशी ब्रेकच्या तेलाचा स्क्रू सैल करत गेले. "दाब. धर. सोड." तीन चाकांतून तेल आलं. पुढच्या डाव्या चाकातून थेंबही नाही. तिथं तेल गळत असणार, म्हणून कुणीतरी नळीच हातोडीनं ठोकून बंद केली होती. त्या चाकाला ब्रेकच नव्हता.

दादा अजून मुक्कामाला होता, ओसरीवर चहा पीत होता. मी विचारलं, "दादा, तुला ठाऊक व्हतं?"

तो हसला. "हळू हाकली तर काय होत न्हाई. अन् तायडे, तुला कुठं चालवायची हाय?"

तेव्हा ते हसणं मला भोळं वाटलं. चालवणार हेच होते, खरं. पण लेकराला मांडीवर घेऊन शेजारी मीच बसणार होते, आणि टिळ्यासाठी कपाळ पुढं करताना दादाला ते ठाऊक होतं.