दांडीवरची तार

लिफ्टदुरुस्तीच्या मेस्त्रींनी उभ्या नोकरीत कुणाला लिफ्टमध्ये ताटकळत ठेवलं नव्हतं. फोन आला की जेवणावरून उठून धावायचे. त्याच भल्या माणसानं मास्तरांना मात्र सात महिने टांगून ठेवलं.

मास्तर म्हणजे दूरच्या गावातले निवृत्त शिक्षक, एकटे राहणारे. वीस वर्षं दोघं रोज सकाळी सातला हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी सेटवर, गप्पा मारत. मेस्त्री गच्चीचं घर सोडून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये निघाले तेव्हा म्हणाले होते, "आठ दिवसांत अँटेना उभारतो, मास्तर."

पण बाल्कनी दोन पावलांची आणि मेस्त्रींच्या अटी हातभर. अँटेना आटोपशीर हवा, त्यावर पाच बँड, म्हणजे पाच वेगवेगळे लहरीपट्टे, चालायला हवेत, शिवाय आवाज पूर्वीसारखा खणखणीत जायला हवा. कड्यासारखा लूप घ्यावा, तर बँड बदलला की पुन्हा जुळवत बसा. उभी काठी लावावी, तर तिच्याखाली तारा पसरायला जागा कुठे? तुलना करकरून वही भरली, बाल्कनी रिकामीच.

तोवर ऐकण्यापुरती म्हणून एक उरलीसुरली तार त्यांनी कपडे वाळवायच्या दांडीवरून सेटला जोडली होती. तिच्यावर मास्तर स्पष्ट ऐकू येत. रोज सातला हाक मारत, थोडं थांबत, मग गुडघ्याचं नाहीतर गळक्या नळाचं सांगून "उद्या येतो" म्हणत.

"अहो, निदान फोन तरी करा," बायको म्हणे.

"आणि काय सांगू? अजून ठरत नाही म्हणून?" जितके दिवस लोटले तितकी मेस्त्रींना जास्त लाज वाटू लागली.

एका सकाळी मास्तर म्हणाले, "मेस्त्री, आज शेवटचं. उद्या सेट शाळेला देऊन टाकतोय. भिंतीशी किती बोलायचं?"

मेस्त्री ताडकन उठले. बोलण्यासाठी कसलीही तार चालवून घेणारा ट्यूनर इतके महिने खोक्यात पडून होता. तो काढून त्यांनी तीच तार त्याला जोडली आणि बटण दाबलं.

"मास्तर, आहे मी."

"अरे! बारीक येतोयस, पण कळतंय. कुठला अँटेना घेतलास शेवटी?"

"कपड्यांच्या दांडीवरची तार आहे."

"कधी लावलीस?"

'आत्ताच' हा शब्द अगदी जिभेवर आला होता. तो गिळून मेस्त्री म्हणाले, "पहिल्याच दिवशी."

"म्हणजे माझं सगळं ऐकत होतास?"

"रोज."

बराच वेळ नुसती खरखर. मास्तरांनी सेट बंद केला असेल, असं मेस्त्रींना वाटलं. आणि केला असता, तरी चूक त्यांची नसती.

"उद्या सातला ये," मास्तर अखेर म्हणाले. "पण उद्या मी गप्प बसणार. तू बोलायचंस."