आईच्या आवडीचं

आईच्या वर्षश्राद्धाला आठवडा राहिला होता तेव्हा पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, खीर, वडे, आमसुलाची चटणी हे सगळं ठरलेलंच आहे. पण गुरुजी म्हणतात, एक पदार्थ आईच्या आवडीचा हवा. आईला काय आवडायचं गं?"

"पुरणपोळी," मी लगेच म्हणाले. त्या दिवशी इथे एडिनबरात मीही तिचं पान वाढणार होते आणि पुरणाची डाळ आणूनही ठेवली होती.

"ती तुला आवडते."

"मग कोथिंबीर वडी."

"ती मला आवडते."

पन्नाशीला टेकलेली दोन माणसं, आणि आपल्या आईला काय आवडायचं हे एकालाही सांगता येईना. मला आधी हसू आलं, मग भावाचा राग आला आणि शेवटी आईचा. माणसानं इतकं कशाला निरिच्छ असावं? मेल्यावर मुलांची पंचाईत होते, एवढा तरी विचार करायचा.

माझी मुलगी झाली त्या वर्षी आई पहिल्यांदा इकडे आली. मग दर वर्षी व्हिसा मिळेल तितके महिने येत राहिली. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत, नवऱ्याचं ऑफिस सतत लांबलेलं, त्यामुळे मुलगी खऱ्या अर्थानं आईनेच वाढवली. उडवून नेणाऱ्या वाऱ्यात, साडीवर माझा जुना कोट चढवून आणि कानाला मफलर गुंडाळून ती नातीला शाळेत सोडायची, आणायची. मी घरी यायचे तेव्हा पोळ्यांचा डबा गरम असायचा. आम्ही जेवायला बसलो की ती ओट्याशी उभी. "बस ना गं आई." "हो, हे काय, झालंच." ते कधीच व्हायचं नाही. हॉटेलात गेलो तर मेन्यूकार्ड न उघडताच माझ्याकडे सरकवायची. "तुम्ही घ्याल त्यातलं चमचाभर द्या मला." वाढदिवसाला विचारलं तर म्हणायची, "काहीही साधं कर."

आणि खायची काय, तर कोणाला नको असलेलं. पावाच्या पाकिटातली पहिली स्लाइस, ती कडेची जाड, जी बाजूला सारून आम्ही सगळे मधली ओढतो, ती आईची. भात खाली लागला की तो करपट थर तिच्या पानात. माझ्या नवऱ्याला हे बघवेना. "आई, तुम्ही कडा खायच्या नाहीत," असं बजावून तो तिला मधल्या मऊ स्लाइस देऊ लागला आणि कडा बागेत कबुतरांना टाकू लागला. आई मुकाट्यानं मऊ पाव खायची. मला नवऱ्याचं फार कौतुक वाटलं होतं तेव्हा.

भावाचा फोन ठेवला आणि मी नवऱ्यालाच विचारलं.

"मार्मलेड," तो म्हणाला. "बरणी कशी संपवायच्या."

"तो संत्र्याचा कडवट जॅम तू हौसेनं आणायचास आणि कोणी खायचं नाही, म्हणून संपवायची."

"हो, तेही खरं." तोही विचारात पडला.

सोफ्यावर आमची कन्या फोनमध्ये डोकं घालून पडली होती. तिने मान वर न करता म्हटलं, "आजीला चिप्स आवडायचा."

"ते तुला आवडतात गं बाई," मी म्हणाले. आता हीच चूक तिसऱ्यांदा ऐकायची माझी तयारी नव्हती.

"नो मम्मा, आजीला. सॉल्ट अँड सॉसवाला. प्रायमरीत होते ना, तेव्हा प्रत्येक फ्रायडेला आम्ही स्कूलनंतर चिपीमध्ये जायचो. आजी म्हणायची, सॉस चिंचेसारखा लागतो."

मला हे पटेचना. ज्या तव्यावर अंडं झालंय त्याला ही बाई हात लावायची नाही. बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर मला वाचायला लावायची आणि वर दोनदा विचारायची, "यात काही नाही ना?" आणि कोपऱ्यावरच्या त्या चिपीत, म्हणजे मासे आणि बटाट्याचे जाड काप तळून विकणाऱ्या दुकानात, एकाच कढईत सगळं तळतात.

"अगं, तिथे त्याच तेलात फिश तळतात!"

"तिला माहिती होतं. तिने त्या माणसाला विचारलं. मीच ट्रान्सलेट केलं. मग म्हणाली, मम्माला सांगू नको. आणि खाल्ला."

नवरा खो खो हसायला लागला. मला हसू येईना. मी जणू आईची वकील असल्यासारखी कारणं शोधू लागले. नातीला एकटीनं खावं लागू नये म्हणून खाल्ले असतील. टाकून कसं द्यायचं म्हणून खाल्ले असतील.

"मोठे चिप्स कोण खायचं?" मी विचारलं.

"मी. आजी ते बॉटमचे क्रंची बिट्स खायची."

"बघ! उरलेलंच खायची."

"उरलेलं नाही, मम्मा!" आता ती उठून बसली. "एकदा मी ते घेतला, तर तिने माझ्या हातावर मारलं. जोरात. म्हणाली, ते माझं आहे."

ते माझं आहे. हे शब्द आईच्या आवाजात ऐकून बघायचा मी प्रयत्न केला, पण जमेना. घर, दागिने, पलंगावरची खिडकीकडची बाजू, कशालाच तिने कधी 'माझं' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आणि म्हणाली ते कशाला, तर कागदाच्या तळाशी राहिलेल्या बटाट्याच्या करपट तुकड्यांना.

मग माझ्या डोक्यात नुसता गोंधळ सुरू झाला. म्हणजे पावाच्या कडा तिला खरंच आवडायच्या? भाताचा तो थर ती आमच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी खरवडून घ्यायची? मग आम्ही काय केलं, तिच्या आवडीचं तेवढं काढून कबुतरांना घातलं? का जन्मभर उरलंसुरलं खाऊन खाऊन तिला तेच आवडायला लागलं होतं? आवड आधी की सवय आधी, हे आता कोणाला विचारायचं? आणि मला का नाही सांगितलं? नातीशी जी बाई हक्कानं भांडली, ती माझ्याशी एकदाही भांडली नाही. मला हेवा वाटला. सरळ सांगते, पोटच्या पोरीचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी मी भावाला फोन करून सगळं सांगितलं.

"श्राद्धाच्या पानात? माशाच्या तेलातले चिप्स? ताई, तुला वेड लागलंय का?"

"आईनेच खाल्लेत."

"शक्यच नाही. होस्टेलवर मी ऑम्लेट खाल्लं हे कळल्यावर दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी."

"मी तरी काय सांगतेय? मलाही कळत नाहीये."

तो हसायला लागला. हसता हसता त्याचा आवाज फुटला आणि तो बराच वेळ नाक ओढत राहिला. मग म्हणाला, "मी इकडे कोथिंबीर वडीच ठेवतो. आईसारखी होणार नाही, पण ठेवतो. तिकडे तू ते ठेव. कुठलं तरी एक बरोबर असेल."

तिथी शनिवारी आली, त्यामुळे रजा काढावी लागली नाही. मी सकाळपासून उपाशीच खीर ढवळली, वडे तळले. पुरण घातलं नाही. दुपारी बापलेक जाऊन चिप्स घेऊन आले, सॉसनं ओला झालेला कागद हातात धरून. मुलीने वरचे मोठे चिप्स एका वाडग्यात काढले आणि तळाचे काळपट, कुरकुरीत तुकडे एकेक करून वेचले. आता ते पानात कुठे वाढायचे? डावीकडे चटणीशेजारी की उजवीकडे भाजीशेजारी? हे सगळं ज्या बाईनं मला शिकवलं ती फोटोतून बघत होती आणि काही सांगत नव्हती. शेवटी मुलीनेच ते खिरीच्या वाटीशेजारी ठेवून दिले.

हात जोडून झाले. मी फोटोकडे बघत बसले. ही कोण, असंच मला वाटत होतं. घरभर त्या सॉसमधल्या व्हिनेगरचा आंबूस, खरपूस वास सुटला होता, पोटात कावळे ओरडत होते, आणि नकळत माझा हात त्या पानाकडे गेला. एकच तुकडा, कसा लागतो ते बघावं म्हणून.

फाडकन हातावर बसली.

"मम्मा, ते आजीचं आहे."

मी हात मागे घेतला.